कोणत्या हेडखाली? गावाचा रस्ता, उपकेंद्र आणि सरकारी निधी: नव्या सदस्यांसाठी

पहिल्यांदा ग्रामपंचायत सदस्य झालो त्याच्या पंधराव्या दिवशी मी पंचायत समितीत जाऊन उभा राहिलो. हातात अर्ज होता: ‘आमच्या गावास रस्ता व दवाखान्यासाठी निधी मिळावा, ही विनंती.’ टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच विचारलं, “कोणत्या हेडखाली?” मला प्रश्नच कळला नाही. निधी म्हणजे निधी, असं मी धरून चाललो होतो. गावाकडे येताना एसटीत बसून ठरवलं, की आधी हा प्रश्न समजून घ्यायचा आणि मगच पुन्हा तिथं पाऊल ठेवायचं. समजायला दीड वर्ष गेलं. हा लेख तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून.

उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, डोंगराळ तालुक्यातल्या लहान गावाची. तुम्ही सदस्य नसून नुसते गावकरी असलात तरी यातलं बहुतेक सगळं तुम्हाला करता येतं. सही तेवढी तुमची चालणार नाही.

पायरी १: मागण्याआधी, काय आलंय ते बघा

गावाला ‘काहीच मिळत नाही’ हे पारावर बोलायला ठीक आहे. फोनवर ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेलं हे पोर्टल सगळ्यांना खुलं आहे, पासवर्ड लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की तुमच्या गावाचा मंजूर आराखडा दिसतो. कोणत्या कामाला किती रक्कम धरली आणि किती खर्च झाली तेही दिसतं. मागची तीन वर्षं उघडून वहीत उतरवून घ्या. छापून आणण्यापेक्षा हाताने उतरवा, आकडे डोक्यात राहतात.

मग ग्रामपंचायत कार्यालयात जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (कालपर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणायचो, आणि आमच्याकडे अजूनही भाऊसाहेबच म्हणतात) तीन गोष्टी बघायला मागा. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि सभेचं प्रोसिडिंग बुक. सदस्याला ही कागदपत्रं बघण्याचा हक्क आहे. मात्र पहिल्याच दिवशी हक्काची भाषा काढू नका. एक दिवस आधी सांगा, चहाच्या वेळेला जा, समोर बसून वाचा. भाऊसाहेबांशी पहिल्या महिन्यात भांडण झालं की पुढची पाच वर्षं प्रत्येक कागद उशिरा येतो.

पोर्टलवर काम ‘पूर्ण’ आणि गावात ते कामच नाही, असं आढळलं तर लगेच आरडाओरडा नको. कधी कामाचं नावच चुकीचं चढलेलं असतं, कधी वस्ती दुसरी असते. आधी जागेवर जाऊन फोटो काढा, तारीख टाका, आणि मासिक सभेत शांतपणे विचारा.

पायरी २: पैशाच्या थैल्या वेगळ्या ओळखा

त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. हेड म्हणजे लेखाशीर्ष, पैसा कोणत्या खात्यातून यायचा त्याचं नाव. सरकारी पैसा एकाच पिशवीत येत नाही. प्रत्येक थैलीवर ती कशासाठी उघडायची हे लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या कारणासाठी ती कुणालाच उघडता येत नाही. मग तो सरपंच असो नाहीतर मंत्री.

सर्वात जवळची थैली वित्त आयोगाची, म्हणजे केंद्राच्या पैशातला वाटा कुणाला किती हे सुचवणाऱ्या आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना प्रत्येकी १० टक्के, अशी विभागणी ठरली. गावाला येणाऱ्या पैशाचे पुन्हा दोन भाग: ४० टक्के अबंधित आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या विषयांपुरताच. बंधितातला अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पाण्यासाठी, म्हणजे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर.

समजा, तुमच्या गावाला वर्षाला १० लाख आले. त्यातले ३ लाख स्वच्छतेचे, ३ लाख पाण्याचे आणि रस्ता, दिवाबत्ती, शाळा, अंगणवाडी या सगळ्यांना मिळून उरतात ४ लाख. अबंधित म्हणजे मनमानी नव्हे. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. आमच्या गावात निवडणुकीत चार रस्त्यांचं आश्वासन दिलं गेलं होतं. हा हिशेब खडूने फळ्यावर मांडला तेव्हा सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही.

एक बारीक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बंधितातल्या एका विषयाची गरज गावात पूर्ण भागली असेल, तर तो पैसा दुसऱ्या बंधित विषयाकडे वळवण्याची सोय आहे. पाणी सगळ्या घरांत पोहोचलंय पण गटारं तुंबलीत, अशा गावाला हे उपयोगी पडतं. त्यासाठी तसा ठराव आणि कागदोपत्री खात्री लागते.

पंधराव्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. १ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची, ज्याचे अध्यक्ष अरविंद पानगढिया होते. त्यामुळे वरचं ४०-६० पाठ करून सभेत ठणकावू नका. ज्या वर्षाचा पैसा, त्या वर्षाचा शासन निर्णय काढून वाचा. पद्धत समजली की आकडे बदलले तरी फरक पडत नाही.

दुसरी थैली जिल्ह्याची. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सचिव जिल्हाधिकारी. ग्रामीण रस्त्यांसाठी तुम्ही ‘३०५४’ हा आकडा ऐकाल, आणि आमदारांच्या शिफारशीने होणाऱ्या गावातल्या कामांसाठी ‘२५१५’. हे लेखाशीर्षांचे क्रमांक आहेत. ‘गल्लीतलं काँक्रीट पंचवीस-पंधरामधून झालं’ असं लोक बोलतात ते हेच. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायतीची इमारत यांना जनसुविधा योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्त्यांना, बंजारा तांड्यांना स्वतंत्र योजना. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, पण तो अख्ख्या मतदारसंघाचा; त्याच्या भरवशावर गावाचा आराखडा करू नका.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर तुमच्याकडे एक अशी थैली आहे जी शेजारच्या तालुक्याला नाही. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे; तिथं पंचायतींसाठी पेसा हा वेगळा कायदा लागू असल्याने त्याला पेसा क्षेत्र म्हणतात. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी तिथल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१४-१५ मध्ये झाला. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि पायाभूत सुविधांबरोबर आरोग्यही त्यात बसतं. चंद्रपूरसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, तिथंही पिण्याचं पाणी आणि आरोग्य हे प्राधान्याचे विषय आहेत.

आणि शेवटची थैली, जिच्याबद्दल बोललं की लोक उठून जातात: घरपट्टी आणि पाणीपट्टी. या पैशाला सगळ्यात कमी अटी. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे; बाकी गावाच्या हातात. मोटार जळली, पाइप फुटला, उपकेंद्राच्या दारातला दिवा गेला, तर वित्त आयोगाच्या हप्त्याची वाट बघायची नसते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण फुकट दळून द्यायला सुरुवात केली. ही युक्ती राज्यभर गाजली ती उगाच नाही. आम्ही गिरणी काढू शकलो नाही, पण कुणाची घरपट्टी थकली आहे ती यादी ग्रामसभेत वाचायला लागलो. पहिल्या वर्षी यादीत सर्वात वर एका सदस्याचंच नाव निघालं. (माझं नव्हे. माझं तिसरं होतं.)

पायरी ३: रस्त्याला आधी नंबर आहे का ते विचारा

रस्त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी तो कुणाचा आहे ते शोधा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे; इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. शेताकडे जाणारी पाणंद ही आणखी वेगळी गोष्ट, तिला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे.

ग्रामीण मार्गाला क्रमांक असतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्ते विकास योजनेचा नकाशा आणि यादी असते. त्यात तुमच्या वाडीचा रस्ता नसेल तर ३०५४ मध्ये तो धरायलाच कुणी तयार होत नाही. आमच्या खालच्या वाडीचा रस्ता लोकांनी श्रमदानाने काढलेला, तीस वर्षं वापरातला, आणि कागदावर नव्हताच. सहा वेळा अर्ज केले, सहा वेळा ‘निधी उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. सातव्या वेळी एका शाखा अभियंत्याने सहज सांगितलं, “अहो, याला नंबरच नाही. आधी नंबर घ्या.” त्यासाठी वेगळा ठराव आणि वेगळा प्रस्ताव लागतो. आधी कुणीतरी हे सांगितलं असतं तर सहा अर्जांचे कागद वाचले असते.

रस्ता कुणाच्या शेतातून जात असेल तर तोंडी ‘घ्या की, गावाचंच काम आहे’ यावर विसंबू नका. लेखी संमतीपत्र आधी घ्या. बाप हो म्हणतो आणि खडी पडायच्या दिवशी मुलगा पुण्याहून येऊन आडवा होतो.

पायरी ४: आरोग्याचा पैसा वेगळ्या वाटेने येतो

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असतात. त्यांचे वरिष्ठ तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य शासनाच्या आरोग्य खात्याचं, तिथं जिल्हा शल्यचिकित्सकांचा अधिकार. ग्रामीण रुग्णालयातलं एक्स-रे मशीन बंद आहे म्हणून जिल्हा परिषदेत निवेदन दिलं तर ते फक्त पुढे पाठवलं जातं. प्रवास खर्च तुमचा.

नवं केंद्र लोकसंख्येच्या निकषावर मिळतं. सपाट भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र आणि ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. गाव या निकषात बसत असेल तर ग्रामसभेचा ठराव प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तालुका आणि मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो आणि शासनाच्या बृहत आराखड्यात (नवी केंद्रं कुठं द्यायची त्याच्या यादीत) नाव लागावं लागतं. वाड्यावस्त्या विखुरलेल्या असतील तर नुसती लोकसंख्या देऊ नका. सर्वात लांबच्या वाडीपासून सध्याचं उपकेंद्र किती किलोमीटर, मध्ये ओढा आहे का, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते, हे लिहा. हा कागद वाचणारा माणूस तुमच्या गावी कधी आलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा. इमारतीचा पैसा आणि माणसांचा पैसा हे दोन वेगळे पैसे आहेत. इमारत एकदाच बांधायची असते, तिला कुठून ना कुठून निधी मिळतो आणि फित कापायला सगळे येतात. पण आरोग्य सेविका, औषध निर्माता, शिपाई यांचे पगार दरवर्षी लागतात. त्यासाठी पदनिर्मिती मंजूर व्हावी लागते आणि ती फाईल वित्त विभागाच्या संमतीशिवाय हलत नाही. त्यामुळे रंग दिलेल्या, कुलूप लावलेल्या इमारती सगळ्या राज्यात दिसतात. माझ्या माहितीतल्या एका उपकेंद्राची इमारत तयार होऊन तीन पावसाळे गेले. नळजोडणीही नाही आणि सेविकेचं पदही नाही. गावकरी व्हरांड्यात कांदा वाळवायचे. म्हणून इमारत मागाल त्याच ठरावात पदं, पाणी, वीज आणि सेविकेची राहायची सोय हे चारही मागा, आणि पाठपुरावा करताना आधी पदांचं विचारा.

रुग्णवाहिकेचंही तसंच. गाडी लोकप्रतिनिधींच्या निधीतून येते, पण चालकाचा पगार आणि डिझेल कोण देणार हे आधी लेखी ठरवा. नाहीतर गाडी फोटोपुरती.

पंधराव्या वित्त आयोगाने पहिल्यांदाच आरोग्यासाठी स्थानिक संस्थांमार्फत वेगळं अनुदान ठेवलं: पाच वर्षांत ७०,०५१ कोटी, त्यातले ४३,९२८ कोटी ग्रामीण भागासाठी. स्वतःची इमारत नसलेली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं, तपासण्यांच्या सोयी, तालुका पातळीवरचं सार्वजनिक आरोग्य पथक अशी कामं त्यात धरलेली. हा पैसा ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या हप्त्यातला नव्हे, तो आरोग्य खात्याच्या नियोजनातून खर्च होतो. पण आपल्या उपकेंद्राचं नाव जिल्ह्याच्या यादीत होतं का आणि काम कुठवर आलं, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता हाताशी असलेलं. राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ पासून आहे, आणि त्यात गाव पातळीवर एक समिती आहे जिचं नाव एका दमात घेता येत नाही: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरलेला. अध्यक्ष ग्रामपंचायतीतला आणि सचिवपद आशा किंवा अंगणवाडी सेविकेकडे. दहा हजारांत काय होतं असं विचारू नका. डासांची पैदास होणारी डबकी बुजवणं, वजनकाटा दुरुस्त करणं, अडलेल्या बाईला रात्री गाडी करून देणं, हे सगळं यातून झालेलं मी पाहिलंय. आणि हा पैसा न खर्चता परत गेलेलाही पाहिलाय, कारण अध्यक्षांना आपण अध्यक्ष आहोत हेच ठाऊक नव्हतं.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती. अभियानाच्या मूळ रचनेत तिच्याकडे वर्षाला १,७५,००० रुपयांची तरतूद यायची: २५,००० अबंधित, ५०,००० देखभालीसाठी आणि १ लाख समितीसाठी. आता आयुष्मान आरोग्य मंदिरांबरोबर (उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचं नवं रूप) जन आरोग्य समित्या आल्या. उपकेंद्राच्या समितीचं अध्यक्षपद सरपंचांकडे असतं आणि समुदाय आरोग्य अधिकारी सचिव. समितीची शेवटची बैठक कधी झाली, किती रक्कम शिल्लक आहे आणि ती कशावर खर्च करायचं ठरलं, हे तीन प्रश्न विचारा. गाद्या, पडदे, इन्व्हर्टरची बॅटरी, बाळंतिणीच्या खोलीतला गिझर अशा गोष्टी मंत्रालयातून मागायच्या नसतात. त्या याच समितीत सुटतात.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या पैशातून काय करावं? उपकेंद्राला पाणी आणि शौचालय बंधित निधीत बसतं. फाटकापासून दारापर्यंतचा चिखल, कुंपण, दिवे अबंधितात. डॉक्टरचा पगार कशातच नाही.

पायरी ५: ग्रामसभेत ठराव नीट लिहून घ्या

आराखड्यात नसलेलं काम वित्त आयोगातून होत नाही. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा वार्षिक आराखडा होतो, आणि त्याची धामधूम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. म्हणजे जानेवारीत सुचलेलं काम तुम्ही आधीच हुकवलंय. तुमचं गणित गणपतीत सुरू झालं पाहिजे.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल ती. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी लागते आणि बहुतेक गावांत ती प्रोसिडिंग बुकातच होते. असं होऊ देऊ नका. आमच्याकडे महिला सभा खरोखर भरली तेव्हा पुरुषांच्या यादीत कधीच न आलेलं काम पहिल्या क्रमांकावर आलं: उपकेंद्रात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायांना बसायला जागा आणि शौचालय. आराखड्यात त्या वर्षी मंदिराच्या सभामंडपाला धरलेली रक्कम कमी करावी लागली. त्यावरून कोण कुणाशी बोलायचं बंद झालं ते इथं सांगत नाही.

ठराव मोघम नको. ‘आरोग्य सुविधा पुरवणे’ असं लिहिलंत तर त्यावर इस्टिमेट कुणी करू शकत नाही. असा लिहा:

‘मौजे … येथील आरोग्य उपकेंद्रास नळजोडणी नसल्याने लसीकरणाच्या दिवशी पाणी बाहेरून आणावे लागते. तरी मुख्य जलवाहिनीपासून सुमारे ६० मीटर जोडणी करणे व १,००० लिटरची टाकी बसवणे हे काम वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (पिण्याचे पाणी) सन … च्या आराखड्यात घेण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर.’

यात जागा आहे, कारण आहे, माप आहे आणि हेड आहे. सभा संपल्यावर इतिवृत्त लिहून होईपर्यंत तिथंच बसा. ‘उद्या लिहितो’ म्हणून ठेवलेला ठराव उद्या वेगळाच दिसतो. सहीशिक्क्याची नक्कल घ्या आणि आराखडा पोर्टलवर चढला की काम त्यात आलंय का ते स्वतः बघा.

पायरी ६: फाईल कुठल्या टेबलावर आहे?

काम मंजूर झालं म्हणजे झालं असं नाही. पुढचा क्रम असा असतो: जागेचा कागद, कनिष्ठ अभियंत्याने दरसूचीप्रमाणे केलेलं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, बिल, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. कोणती मान्यता कुणाच्या सहीने आणि किती रकमेपर्यंत, हे निधीनुसार आणि शासन निर्णयानुसार बदलतं. ई-निविदेची मर्यादाही बदलत आलेली आहे. चालू आकडा विचारून घ्या.

यात दोन ठिकाणी कामं अडतात. पहिलं जागा. उपकेंद्र, टाकी, अंगणवाडी, काहीही बांधायचं तर जागा ग्रामपंचायतीच्या किंवा संबंधित खात्याच्या नावे असलेला उतारा लागतो. ‘पाटलांनी दिलीय जागा’ हा उतारा नव्हे. बक्षीसपत्र नोंदवून घ्या. दुसरं ठिकाण डोंगल, म्हणजे डिजिटल सही करायचं छोटं यंत्र. वित्त आयोगाचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीने होतं. एकाची मुदत संपलेली, दुसऱ्याची बदली झालेली, किंवा दोघांचं पटत नाही, आणि खात्यात पैसे पडून राहतात. सरपंच बदलले की नवीन डोंगलसाठी पहिल्याच आठवड्यात अर्ज करा.

उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) ही कंटाळवाणी गोष्ट वाटते, पण मागच्या हप्त्याचा हिशेब, ऑनलाइन जमाखर्च आणि लेखापरीक्षण पूर्ण नसेल तर पुढचा हप्ता अडतो. निवडून आलेली संस्था नसेल तरीही वित्त आयोगाचा पैसा अडतो. प्रशासकाच्या काळात हे अनेक ठिकाणी भोगून झालंय.

पाठपुराव्यासाठी एक वही ठेवा. तारीख, टेबल, कोण भेटलं, काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावलं. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघायचं नाही. “साहेब, आमच्या कामाचं काय झालं?” यापेक्षा “साहेब, आवक क्रमांक अमुक, फाईल १२ तारखेला तांत्रिकला गेली होती, त्रुटी निघाली का?” याला उत्तर मिळतं.

पायरी ७: काम चालू असताना तिथं उभे राहा

अंदाजपत्रकाची नक्कल खिशात ठेवा. त्यात काँक्रीटची जाडी लिहिलेली असते, आणि जाडी मोजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, टेप पुरते. कामाच्या जागी फलक हवा: कामाचं नाव, निधी, रक्कम, ठेकेदार, मुदत. काँक्रीटवर पाणी मारलं जातंय का हे गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा, त्यांच्यासारखी नजर कुणाची नसते. दोष दायित्व कालावधी किती हेही लिहून घ्या. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने करायची असते आणि हे विचारायला सहसा कुणी जात नाही.

मार्चमध्ये सगळ्यांची घाई असते. न झालेल्या कामाच्या मोजमापावर ‘बिल तरी काढून ठेवू, काम एप्रिलमध्ये करू’ असं कुणी म्हणालं तर सदस्य म्हणून तुमची असहमती प्रोसिडिंगमध्ये नोंदवून घ्या. तोंडी विरोध केला होता हे चौकशीत कुणी ऐकत नाही.

आरोग्याच्या बाबतीत उभं राहण्याची रीत थोडी वेगळी आहे. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या जिल्ह्यांतून सुरुवात झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं, अशी ती पद्धत. तुमच्या तालुक्यात ती चालू नसली तरी प्रगतिपुस्तकाची कल्पना घ्यायला काहीच हरकत नाही. दर महिन्याला एकदा: सेविका किती दिवस हजर, कोणती औषधं संपली, पाणी होतं का, बाहेरून औषध आणायला कुणाला सांगितलं का. हे लिहिताना सेविकेला आरोपी करू नका. तिच्याकडे दोन उपकेंद्रांचा पदभार असू शकतो, आणि तुमच्या मागणीपत्रातली सगळ्यात खरी माहिती तीच देणार आहे.

अडलंच तर

आधी गटविकास अधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी. आरोग्यासाठी तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यानेही हललं नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून राग अर्जात ओतू नका. ‘अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत’ एवढं मागा. मत मागितलं की अर्ज फेटाळता येतो. कागद मागितला की तो द्यावा लागतो, नाहीतर नाही म्हणून लिहून द्यावं लागतं.

पंचायत समितीत पहिल्यांदा जाताना पिशवीत एवढं ठेवा: ग्रामसभेच्या ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल, जागेचा उतारा, जागेचे दोन फोटो, पोर्टलवरून उतरवलेली तीन वर्षांची कामं, अर्जाच्या दोन प्रती आणि पाण्याची बाटली. सोमवारी जाऊ नका, बैठका असतात. अर्जाच्या पहिल्या ओळीतच हेडचं नाव लिहा. त्या चष्म्याच्या बाई आता निवृत्त झाल्यात, पण तो प्रश्न त्याच टेबलावर आहे.